दोनशे तेवीसची रेघ

ती मेली रेघ याही शुक्रवारी आली. बरोबर दोनशे तेवीसवर, आणि मागच्या खेपेपेक्षा उंच. विनताला वाटलं, कीबोर्ड उचलून पडद्यावर हाणावा.

तिला हवी होती दोनशे सोळाची रेघ. बरगी धरणाच्या पाण्यात तिनेच मोजून मिसळलेल्या तणनाशकाची. सिलिकॉनच्या नखाएवढ्या चिपवर त्या पाण्याचा थेंब वाळवायचा, त्यावर लेसर मारायचा, की चिपवरचे रेणू उडतात आणि मशीन प्रत्येकाचं वजन करून पडद्यावर रेघ काढतं. त्यासाठी चिपला आधी आम्लात विजेचा प्रवाह देऊन डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडावी लागतात. आणि ही भोकं म्हणजे भोचक शेजारीण. थेंबातलं तर घेतातच, शिवाय आसपासच्या हवेत जे काही असेल तेही ओढून घेतात.

दोनशे तेवीस कोण, हे विनताला ठाऊक होतं. प्लास्टिकात असतं, अत्तरं पातळ करायला वापरतात, ते रसायन. चोराचं नाव माहीत, घर माहीत नाही, अशी गत. तिने प्लास्टिकच्या सगळ्या डब्या फेकून काचेच्या आणल्या. लॅबमधल्या समृद्धीचा डिओ बंद केला, त्यावरून दोघींत अबोला झाला. स्वतः पावडर सोडली, क्रीम सोडलं. रेघ जायचं नाव घेईना, उलट वाढत चालली. मध्ये एकदाच, बाबा आत्याकडे भेडाघाटला गेले होते त्या आठवड्यात, चिप स्वच्छ निघाली होती. त्याचं श्रेय विनताने आम्लाच्या नव्या बाटलीला दिलं आणि तसल्या आणखी चार मागवल्या.

तिचे गाइड गौतम सर आतापर्यंत सबुरीने घेत होते. मशीन दुसऱ्या संस्थेचं, फक्त शुक्रवारी सकाळी मिळायचं, आणि मागे रांग लागलेली.

"देखो विनता, अगला शुक्रवार आख़िरी," ते म्हणाले. "नहीं हुआ तो ये चिप छोड़ो, दूसरा टॉपिक लो."

म्हणजे पीएचडीच्या तीन वर्षांवर पाणी. विनता आठवडाभर सगळ्यांवर खेकसत राहिली.

गुरुवारी दुपारी तिने चिप केली आणि नेहमीसारखी काचेच्या डबीत घालून घरी आणली. लॅब जबलपूरच्या दुसऱ्या टोकाला होती, मशीन मात्र चेरीतालच्या घरापासून जवळ, म्हणून चिपचा मुक्काम गुरुवारी घरीच असायचा. डबी टेबलावर ठेवून ती आंघोळीला गेली. त्या दिवशी नळ लवकर गेला आणि ती अर्ध्या आंघोळीतून बाहेर आली. टेबलावर डबी नव्हती.

डबी देव्हाऱ्यात होती. झाकण काढून बाजूला ठेवलेलं. पुढे पाच उदबत्त्या, आणि त्यांच्यापुढे हात जोडून, डोळे मिटून बाबा.

अच्युतराव तोफांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिथे दसऱ्याला लेथलासुद्धा हार पडायचा, आणि नवं मशीन उदबत्ती ओवाळल्याशिवाय कोणी सुरू करत नसे. आई गेल्यापासून घरचा देव्हाराही त्यांच्याकडेच होता.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

ते दचकले, मग ओशाळं हसले. "अगं, दर गुरुवारीच ठेवतो. तुझं काम होऊन नाही राहिलं ना, म्हणून एकाच्या दोन अगरबत्त्या केल्या, मग पाच. आज झाकणपण काढलं. म्हटलं, आतपर्यंत पोचू दे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! विनताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी जगाला शिव्या देऊन राहिली, समृद्धीशी भांडली, आणि धूर माझ्या घरात! त्या अगरबत्तीतलंच आहे ते! काहून हात लावता माझ्या सामानाला? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

एकेक उदबत्ती बोटांत चिमटून बाबांनी पाचही विझवल्या. देवापुढची उदबत्ती विझवताना तिने त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. पण तेव्हा तिला त्यांची दया आली नाही, लॅब बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

आम्लाचं काम एकटीने करायचं नाही असा नियम. त्यामुळे विनताला अबोला गिळून समृद्धीला थांब म्हणावं लागलं. नवी चिप तिने बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवली, बूच घट्ट लावलं आणि घरी येऊन कपाटात कुलूपबंद केली.

शुक्रवारी तिने दोन्ही चिपा मशीनला लावल्या. देव्हाऱ्यातल्या चिपवर दोनशे तेवीस एवढी उंच की बाकी काही दिसेना. नव्या चिपवर दोनशे तेवीसच्या जागी काहीच नव्हतं, आणि दोनशे सोळा एकटी, सरळ, ठसठशीत. उदबत्तीची हकीकत ऐकून गौतम सर पोट धरून हसले आणि म्हणाले, "चलो, इसी पे आगे बढ़ो." विनताला आनंदाने रडू आलं.

घरी शिरताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घराला वास नव्हता. इतकी वर्षं तो होता, हेच तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

बाबा खुर्चीत बसले होते. देव न्हालेले नव्हते, कालचीच फुलं होती.

"झालं?"

"झालं बाबा! एकदम साफ आली."

"अच्छा." ते मनापासून हसले. मग देव्हाऱ्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या शाळेच्या पहिल्या पेपरापासून दर वेळी मागत आलो मी, विनू. काल त्या दुसऱ्या चिपसाठी पहिल्यांदा हात नाही जोडले. अन् तिचंच काम झालं."

रसायनाचं नाव, त्याचं वजन, भोकं, धूर, सगळं विनताला पाठ होतं. त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं.

"चलो, हात धू," बाबा उठत म्हणाले. "भाजी थंड होऊन राहिली."