गुलाबी की हिरवं?

माझ्या तापटपणाची सगळ्यांना कल्पना आहे, तेव्हा आधीच सांगतो, मध्ये बोलू नका. मी टर्बो. मोटारीच्या इंजिनाला चिकटून बसलेला, दिसायला गोगलगायीच्या शंखासारखा. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर माझं चाक फिरवतो आणि त्या जोरावर मी इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात. एवढं राबल्यावर कुणाचंही अंग भाजेल, म्हणून माझ्या अंगातून सतत कूलंट फिरवतात.

साधं पाणी नव्हे, कूलंट. ते लवकर उकळत नाही आणि आत गंज चढू देत नाही. कुठल्या प्रकारचं घालायचं हे गाडीच्या पुस्तकात स्पष्ट छापलं आहे. ते पुस्तक कारखान्यातून आलं तसं, पिशवीसकट, पुढच्या कप्प्यात पडून होतं. त्या कप्प्यातली चष्म्याची डबी, पावत्या, खोकल्याच्या गोळ्या, सगळ्यांना हात लागायचा. पुस्तकाला तेवढा नाही.

माझ्या घरात तिघं. गाडी लेक चालवते. आईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि दवाखाना डोंगरापलीकडे. एक खेप चुकली की त्यांचे पाय सुजतात, धाप लागते. तिसरे बाबा. त्यांनी तीस वर्षं मोठ्या लाँड्रीतला बॉयलर सांभाळला. पाणी आणि वाफ यांतलं आपल्याला कुणी शिकवू नये, हे त्यांचं ठाम मत.

एका सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं. टाकीतलं कूलंट खुणेच्या बोटभर खाली गेलं होतं. लगेच गाडी सुट्या भागांच्या दुकानासमोर नेली. दुकानदाराने विचारलं, गुलाबी देऊ की हिरवं? टाकीत होतं गुलाबी. बाबांनी हिरवं घेतलं, कारण ते हाताशी होतं. वर तांब्याभर नळाचं पाणी ओतलं, फार घट्ट नको म्हणून. मी कपाळाला हात लावला असता, पण मला दोन्ही नाहीत.

त्या दोन प्रकारांचं आपसात मुळीच पटलं नाही. काही दिवसांत आत चिखल जमायला लागला. माझ्याकडे येणारी नळी करंगळीएवढी, ती तुंबत गेली. मी शिट्टी वाजवली, गुरगुरलो, तापमानाचा काटा वर चढवून दाखवला. बाबा म्हणाले, ऊन फार आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग एका बुधवारी, दवाखान्याच्या वाटेवर, अर्ध्या चढावर, बॉनेटखालून वाफ आली. लेक धावत येऊन, बॉनेट उघडून टाकीचं झाकण फिरवणार तोच बाबांनी तिचा हात धरला.

"हात लावू नकोस. उकळतंय, तोंडावर उडेल."

एवढं मात्र त्यांना खरंच कळत होतं. मागच्या सीटवर आई दार उघडून बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक श्वास मोजल्यासारखा घेत. तासाभराने एका दुधाच्या गाडीने त्यांना पुढे नेलं. पण मशीनवर पुढचा रुग्ण लागायचा होता, म्हणून चार तासांऐवजी दोनच तास मिळाले. पुढचा दिवस त्यांनी उशांना टेकून बसून काढला.

हे मला गॅरेजमध्ये कळलं. लेक मेकॅनिक बाईंवरच उखडली होती. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग तुम्हीच केलंत ना, मग हे काय भरलंत? बाईंनी तपकिरी चिखल बोटांत चोळला आणि शांतपणे सांगितलं की आमचं हे नाही. बाबा भिंतीवरच्या टायरांकडे बघत होते. मी आतल्या आत धुमसत होतो, बोला की हो.

"ते मी घातलं," बाबा म्हणाले. "मला वाटलं, मला कळतं."

 बाई म्हणाल्या, "काका, रंगावर जाऊ नका. गुलाबीतसुद्धा चार प्रकार मिळतात. पुस्तकातलं नाव बघायचं."

सगळं धुऊन काढलं, माझे झिजलेले भाग बदलले. तरी पूर्वीचा जोर राहिला नाही. चढावर कण्हतो मी. आणि इंजिन एकदम बंद केलं की माझं कूलंटही थांबतं, मी तापलेलाच राहतो, हे बाईंनी बजावून ठेवलंय.

आता दवाखान्यासमोर गाडी थांबली की लेकीचा हात किल्लीकडे जातो आणि मागून आई म्हणतात, "लगेच बंद करू नकोस गं. त्याला जरा दम खाऊ दे." स्वतःची धाप अजून बसलेली नसते, तरी त्या थांबतात.

तुमच्या गाडीत कुणी असं बसत असेल, तर कृपा करून कूलंटची बाटली पुस्तकाला विचारून घ्या.