डाव्या चाकाचं दुखणं

भुवनेश्वरीला अक्कल असलेला माणूस अजून भेटायचा होता. नवऱ्याला थोडीफार असावी असा तिला संशय होता, पण तो गेला, त्याच्यामागे राहिलेला जुना ट्रक तिच्या नावावर झाला आणि तोही संशय फिटला. मिस्त्री लबाड, टायरवाले लुच्चे, दुधनीचे हमाल आळशी. आणि डायव्हर संगमेश म्हणजे तर दगडच. मालकाच्या वेळेपासून हाच ट्रक चालवत पन्नाशीला आलेला माणूस, पण दहा शब्द बोलले तर त्याचं उत्तर एका हुंकारात. असल्या माणसांच्या जिवावर आपला धंदा चालतो याचंच तिला नवल वाटायचं, आणि ते नवल ती मोठ्याने बोलून दाखवायची.

दसऱ्याच्या सुमारास ट्रकला दुखणं लागलं. चाळीसपर्यंत गाडी गरीब गाईसारखी चालायची. काटा पन्नासच्या पुढे सरकला की स्टेअरिंगला असा काही कंप सुटायचा की संगमेशच्या कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. दुधनीहून तुरीची पोती भरून सोलापुरात यायचं, एवढीशी वाट, ती त्याला रांगत काढावी लागायची.

पहिल्या मिस्त्रीने सांगितलं, पुढची चाकं ज्या खिळींवर वळतात त्या किंगपिन झिजल्यात. नव्या घातल्या, गाडी थरथरली. दुसऱ्याने चाकांवर खापर फोडलं आणि रिमला शिशाचे तुकडे ठोकून त्यांचा तोल साधून दिला. गाडी थरथरली. तिसऱ्याकडे कॉम्प्युटर होता. त्याने चाकं खोलून बघितली, पडद्यावर रंगीत रेघा दाखवल्या, चाकं सुतात आणली, आणि भुवनेश्वरीला खुर्ची देऊन थंड पाजलं. गाडी थरथरत घरी आली. निरोप देताना मात्र तिघेही एकच बोलले, "आक्का, एकदा डायव्हरचा हात बघा." औषध चालेना झालं की डॉक्टर हवा बदलायला सांगतो, त्यातलीच ही गत.

तिघांच्या अकलेचे तिने वाभाडे काढले, पण त्यांचं हे एक वाक्य तिला पटलं. पटायला सोपं होतं ते.

चौथा मिस्त्री हैदराबाद रोडचा, नाव गुंडा. त्याच्या गॅरेजच्या दारात गाडी उभी करून संगमेश खाली उतरला तेव्हा चार माणसांच्या देखत ती त्याला म्हणाली, "नाचता येईना अन् अंगण वाकडं. हेला तरी काय घावलं तर बरं. न्हाय घावलं तर खोट तुज्या हातात हाय. उद्यापासनं दुसरा बसंल शिटवर. किल्ली दे हिकडं."

संगमेशने किल्ली दिली. हात थरथरतो म्हणून काढलेल्या डायव्हरला अख्ख्या सोलापुरात कुणी हातगाडीसुद्धा देणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, तरी ती बोलली. बोलून झाल्यावर पदराने खुर्ची झटकून बसली.

गुंडा मिस्त्री भारी बढाईखोर. तोंडातला तंबाखूचा मावा सांभाळत तो मान वर करून बोलायचा. "आक्का, गाडी नुसती वास घेऊन वळखतो मी," म्हणाला, आणि वास काही न घेता पुढच्या आसाखाली जॅक लावून बसला. डावं चाक वरखाली हलवलं. घट्ट. आडवं धरून हिसडलं. तेही घट्ट.

"पैल्यांनी काम चोख केलंय की," तो जरा हिरमुसून म्हणाला.

"मग आता वास घे," भुवनेश्वरी म्हणाली.

गुंडाला ते झोंबलं. त्याने चाकाशेजारी विटांची थप्पी रचली, वर स्क्रू-ड्रायव्हर आडवा ठेवला, त्याचं टोक रिमच्या कडेला जेमतेम टेकवलं आणि चाक हाताने फिरवलं. एका जागी टोक खर्रकन घासलं. चाक अर्धं फिरलं तेव्हा मध्ये बोट जाईल एवढी फट पडली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच.

"घावलं!" गुंडा ओरडला. "रिम हेलकावे खातंय बघा. सरळ बसलंच न्हाय ते."

भुवनेश्वरी उठून जवळ गेली. गुंडाने नट सोडले. दोन तर आधीच सैल झालेले निघाले. "आनखी म्हैनाभर चालली असती तर चाक म्होरं अन् गाडी मागं," असं म्हणत त्याने चाक ओढून बाजूला केलं. चाकामागच्या ड्रमवर, दोन बोल्टांच्या मध्ये, तांब्याची एक पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर कुंकवाची बोटं होती, मंत्राची अक्षरं होती.

गुंडाचे हात आपोआप जोडले गेले. चहा पीत बसलेल्या गिऱ्हाइकाने पेला खाली ठेवून नमस्कार केला. भुवनेश्वरीनेही केला. मग गुंडाने पट्टी कापडाने अलगद पुसली, होती त्याच जागी बोटाने दाबली आणि चाक परत चढवायला उचललं. तिथे तो थबकला.

"आँ? मी तरी काय करायलोय?" त्याने चाक खाली टेकवलं आणि पोट धरून हसायला लागला. "आत्तापतूर तिघांनी चाक खोललं म्हणता. तिघांनीबी बघितली असंल ही! नमस्कार केला असंल अन् परत बसवली असंल! मधी पट्टी असल्यावर रिम सरळ बसंल कसं?" मग तो संगमेशकडे वळला. "हे डोस्कं तुजंच व्हय रं? गाडी जपायला द्येवाला चाकात चेमटायलास? डायव्हर लोकांची अक्कल बगा आक्का. गुडघ्यात बी नसतीया."

संगमेशने भुवनेश्वरीकडे पाहिलं. नुसतं वाट बघत पाहिलं.

आणि अख्ख्या सोलापूरची अक्कल काढणारी ती बाई त्या घडीला गप्प बसली. खंडेनवमीच्या पूजेला मठातल्या स्वामींकडून ती पट्टी तिनेच आणली होती. समोर उभं राहून तिनेच चाक खोलायला लावलं होतं. एक शब्द बोलली असती तर भागत होतं, पण मावा चघळणाऱ्या गुंडासमोर तिची जीभ उचलेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "बसव ते चाक. बघू आता."

गुंडाने काढून दिलेली पट्टी कापडात गुंडाळून तिने मांडीवर घेतली, किल्ली संगमेशला दिली आणि शेजारी बसली. बोरामणीच्या दिशेने रस्ता मोकळा होता. पन्नास झाले, साठ झाले, स्टेअरिंग देवळातल्या समईसारखं स्थिर राहिलं. संगमेशने एकदा एक हात काढून दाखवला, मग परत ठेवला. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

गॅरेजच्या दारात गाडी थांबली, दोघं उतरली. सुटकेच्या भरात तिचा आवाज मोठा झाला. "असू दे. या बारीला माफ केलं तुला. उद्या दुधनीला जा भरायला."

तेव्हा दगड बोलला.

"आक्का, पट्टी ठिवताना चाक मीच खोललं व्हतं. तवाच म्हणलो, चाक नीट बसायचं न्हाय, दुसरीकडं लावू. तुमी काय म्हणाला, याद हाय का? म्हणाला, तुज्यापरीस हिच्यावर माजा भरवसा हाय."

गुंडाचं हसू तोंडातच राहिलं. संगमेशने तिच्या हातातून कापडाची घडी घेतली, उलगडली, केबिनचं दार उघडलं आणि पट्टी आपल्या सीटवर, बरोबर मधोमध, नीट ठेवली. पट्टीला नमस्कार केला. किल्ली शेजारी ठेवली.

"मग तीच चालवंल की," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून निघून गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"संगमेश!" तिने हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. गॅरेजमधली माणसं तिच्याकडे बघत होती, आणि आज पहिल्यांदाच त्यांना मूर्ख म्हणायला तिला काही सुचेना.

मागून एका ट्रकने हॉर्न दिला. गुंडाने मावा थुंकला.

"आक्का, गाडी बाजूला घ्या की, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

भुवनेश्वरीला गाडी चालवता येत नव्हती.