मला घासू नका

मित्रांनो, नाक मुरडून पुढे जाऊ नका, घटकाभर थांबा. भूमच्या अलीकडच्या एका गावात, माळवदाच्या घरात, भिंतीतल्या देवळीत मी पडून आहे. मी एक जुनी पितळी डबी आहे. कुंकवाची असते तर तोऱ्यात सांगितलं असतं, पण मी बिड्यांची. आज माझ्या पोटात एकही बिडी नाही आणि माझ्याशी बोलायला कोणी नाही. म्हणून तुमच्याशी बोलते.

एका तांबटाने मला ठोकून आकार दिला, झाकणावर वेलबुट्टी कोरली आणि भूमच्या आठवडी बाजारात मांडलं. लिंबाजी नावाचा तरुण शेतकरी बैलांना गोंडे घ्यायला आला होता. गोंडे राहिले बाजूला, त्याने मलाच उचललं. त्या दिवसापासून मी त्याच्या बंडीच्या खिशात, छातीला लागून राहिले. तो पारावर बसला की लोक म्हणायचे, "लिंबाजी, काडा की डबी." मग मी हातोहात फिरायची. माझ्यासमोर सोयरिकी जुळल्या, बांधाची भांडणं मिटली. हे सगळे माझ्यासाठीच जमतात असं मला वाटायचं. पितळेला अक्कल थोडी आणि चकाकी फार.

पण छातीला लागून होते, म्हणून एक गोष्ट मला सगळ्यांच्या आधी कळली. लिंबाजीच्या छातीत शिट्टी वाजायची. त्यालाही ती ऐकू येत असणार. एका श्रावणात तो येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला गेला. देवळाबाहेरच्या एका दगडावर त्याने मला ठेवलं, हात जोडले, "आता सुटली" म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला. एका वानराने मला हुंगलं आणि टाकून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी पडले होते. मात्र एसटी यायच्या आत लिंबाजी धापा टाकत परत आला. मला उचलताना त्याचे हात थरथरत होते आणि डोळे भरले होते. पुढे ही गोष्ट गावाने चवीने चघळली. लिंबाजीचं मन मेणाचं, असं म्हणून लोक हसायचे. मी ते हात पाहिले होते, मला कधी हसू आलं नाही.

शेवटी छातीनेच त्याला नेलं. मागे बायको कमलबाई आणि दोन मुलगे राहिले. थोरला शंभू शेती बघतो, धाकटा कृष्णराज भूमला किराणा दुकान चालवतो. दोघांनी पहिली बिडी माझ्यातूनच चोरली होती, एकाच दिवशी, कडब्याच्या गंजीआड. पुढे कृष्णराजने मुलीच्या बारशाला बिडी सोडली. अंगातला सदरा काढून ठेवावा, इतक्या सहज. थोडे दिवस चिडचिडला, संपलं. शंभूला मात्र डोळे नीट उघडायच्या आत बिडी लागायची. वडिलांनंतर मी त्याच्या खिशात आले, आणि गावाकडे म्हण तयारच होती, खाण तशी माती.

मग शंभूच्या पायाचं बोट काळं पडू लागलं. बांधावरून चालताना पोटरी धरायची, मध्येच खाली बसावं लागायचं. भूमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की बिडीमुळे पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्या आहेत. बिडी ठेवा नाहीतर पाय ठेवा. शंभूने घरी येऊन मला आईच्या हातात दिलं. तो अख्खा उन्हाळा त्याने दात खाऊन काढला. बैलांवर ओरडला, बायकोवर ओरडला, खिसा भरून शेंगदाणे चघळले, पण बिडी ओढली नाही.

भाद्रपदात लिंबाजीचा म्हाळ आला. आमच्याकडे म्हाळाला गेलेल्या माणसाच्या नावाचं पान वाढतात आणि शेजारी त्याच्या आवडीची वस्तू ठेवतात. कमलबाईने मला चिंच लावून लख्ख घासलं आणि बिड्या भरल्या. "थोरला तू हायस," ती शंभूला म्हणाली, "तुज्या हातानं पेटवून ठिव." आता बिडी म्हणजे उदबत्ती नव्हे. ती ओढल्याशिवाय पेटत नाही. शंभूने आईकडे पाहिलं, बापाच्या फोटोकडे पाहिलं आणि बिडी ओठाला लावली. दिवस मावळायच्या आत मी पुन्हा त्याच्या खिशात होते. माझ्या पितळेला तेव्हा आनंद झाला नाही, असं मी म्हणणार नाही.

"दादा, मनाची तयारी लागती," कृष्णराज त्याला चारचौघांत म्हणाला. "माज्याकडं बग. तुला पायापरीस बिडी लाडकी." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या घरात ती मेल्यावरही पानाशेजारी येऊन बसली होती.

हिवाळ्यात ते बोट काढावं लागलं. शंभूची लेक हर्षाली धाराशिवला नर्सिंग शिकते. ती हट्टाने बापाला तिथल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी खिशात होते, म्हणून सगळं ऐकलं.

"सकाळची पहिली बिडी केव्हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आंथरुणातच. तोंड धुयाच्या आदी." शंभू फरशीकडे बघत होता. "माज्यात जिगरच न्हाय, सायेब. सख्ख्या भावानं हसत सोडली."

"जिगरीचं नाही हे," डॉक्टर म्हणाले. "बिडीतलं निकोटीन काहींच्या शरीरात सावकाश संपतं, काहींच्या भराभर. भराभर संपलं की तलफ लवकर येते आणि सोडताना जास्त छळते. हे पुष्कळसं आईबापांकडून येतं, पण सख्ख्या भावांतही सारखं येईल असं नाही. तुमचं तसंच असावं. वडिलांनी कधी सोडून पाहिली होती का?"

शंभूला येडशीचा तो दगड आठवला असावा. त्याने होकाराची मान हलवली. मग म्हणाला, "रक्तातच हाय तर सुटायची कशी?"

उत्तर हर्षालीने दिलं. "पप्पा, आपलं माळाकडचं रान मुरमाड. पाणी दिलं की गेलं खाली. वढ्याकडच्या काळ्या रानात ओल टिकती. पाटाचं पाणी तर दोन्हीला एकच हाय."

"म्हंजी म्या मुरमाड."

"व्हय. पन मुरमाडात बी पीक घेताच की तुमी. पाण्याच्या पाळ्या जवळ जवळ देता."

डॉक्टर हसले. रक्तात ओढ असते, निकाल नसतो, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. तलफ आली की एकट्याने कुढायचं नाही, कोणाजवळ तरी जाऊन बसायचं, आणि पुन्हा ओढली गेली तरी तोंड लपवायचं नाही, इथं यायचं, असं बजावलं. परतीच्या एसटीत शंभूने खिडकीकडे तोंड केलं. मग बापाच्या आठवणीने म्हणाला, "म्हंजी आप्पा बी दुबळे नव्हते." आणि माझ्यावर हात ठेवून तो माणूस रडला. हर्षालीने त्याला रडू दिलं.

घरी आल्यावर मी परत कमलबाईच्या ताब्यात गेले. शंभूची गोळी चालू झाली. तलफ आली की तो आईजवळ जाऊन बसायचा, ती ज्वारी निवडत असायची, तोही निवडायचा. दिवस असेच गेले आणि पुन्हा भाद्रपद आला.

कमलबाईने मला पुन्हा घासलं. ही तलफ बापाकडून आली, एवढं तिने नातीच्या तोंडून ऐकलं होतं आणि मनाशी हिशेब जुळवला होता. "त्यांचं हाय तर त्यांनाच परत दिऊ," ती म्हणाली. "पेटव, आन् म्हन, आप्पा, तुमची तलफ तुमी घिऊन जा." शंभूने बिडी घेतली. त्याचे हात मी ओळखले. येडशीला मला उचलणारे हात असेच थरथरत होते. त्याच्या दुसऱ्या पायाचं बोटही दुखू लागलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता ओठाला लागली तर पुढे काय, तेही ठाऊक होतं. आईचा शब्द मात्र त्याला मोडवत नव्हता.

तेवढ्यात कृष्णराज पाटावरून उठला. हर्षालीने त्यालाही दोन रानांची गोष्ट सांगितली होती. "दादा, आन हिकडं," तो हळू म्हणाला. "म्या पेटवतो. मला काय होत न्हाय."

कमलबाईने एका लेकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग शंभूच्या पायाकडे पाहिलं. तिने त्याच्या हातातली बिडी काढून घेतली आणि तशीच कोरी पानाशेजारी ठेवली. स्वयंपाकघरात गेली, काडेपेटी आणली, बिडीला लागून ठेवली आणि फोटोकडे बघून म्हणाली, "काडेपेटी ठिवलीय. तुमचं तुमी पेटवून घ्या. पोरांच्या तोंडाला लावू नका आता." मग शंभूला म्हणाली, "बस. खीर निवायली."

त्या दिवसापासून मी या देवळीत आहे. खरं सांगते, मित्रांनो, फार एकटं वाटतं. पारावर कोणी माझं नाव काढत नाही. पितळ काळवंडलं, झाकणावरची वेल दिसेनाशी झाली. सुरुवातीला शंभू कधीमधी यायचा, मला उघडायचा, आतला वास घ्यायचा आणि झाकण लावून जायचा. मी त्याची वाट बघायची आणि तो येऊ नये असंही मनात म्हणायची.

तुमच्याही घरात कोणी बिडी-सिगारेट सोडतो म्हणतो आणि त्याला जमत नाही. त्याला शेजारच्याचा दाखला देऊ नका, त्याला हसू नका. त्याचं रान मुरमाड असेल. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि तलफ येईल तेव्हा त्याच्याजवळ ज्वारी निवडत बसा. जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला घासा, पुसा, जपा. मी म्हणते, मला घासू नका.

काल शंभू देवळीशी आला. त्याला गोळ्यांचं पाकीट हवं होतं. अंधारात चाचपडताना त्याचा हात माझ्यावरून गेला, आणि थांबला नाही. मी इतकी एकटी कधीच नव्हते. मला अशीच राहू द्या.