देवमनच्या गाडीचं नाक

मित्रांनो, या जगात श्वासाहून मोठं काही नाही. माणूस असो, म्हैस असो की मोटार, श्वास थांबला की सगळा थाट थांबतो. आसेगावातल्या एका चारचाकीचा श्वास मी आहे. मी एक जुना, अडीच इंची प्लास्टिकचा पाइप आहे. याआधी नऊ वर्षं न्हाणीचं पाणी नालीत सोडत होतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून वीस फुटी लांबीत कारंजाच्या दुकानात आलो आणि देवमनच्या घरी पोचताच माझे तुकडे झाले. मोठा तुकडा विहिरीवर गेला, मला न्हाणीमागे गाडलं. नवी न्हाणी झाल्यावर मी छपरावर पडून राहिलो. तिथे दोडक्याच्या वेलानं मला धरलं होतं. पण त्यानंही ओळख कामापुरतीच ठेवली.

देवमन तीस वर्षं लोकांच्या शेतांत पाइपलाइन टाकतो. त्याची मुलगी धम्मदीपा नर्सिंग शिकत होती, तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, की नोकरीच्या पहिल्या दिवशी पोरगी एसटीतून नाही, घरच्या गाडीतून उतरेल. पोरीनं तिचं काम केलं. सोमवारी दहा वाजता तिला कारंजाच्या दवाखान्यात रुजू व्हायचं होतं. देवमननंही जुनी गाडी आणली होती. फक्त इंजिनाला हवा नेणारी रबरी नळी उंदरांनी खाल्ली होती, आणि नवी यायला आठ दिवस लागणार होते. शनिवारी देवमननं छपराकडे पाहिलं.

"पाइप तो पाइप," तो बायकोला, बेबीताईला म्हणाला. "ज्यातून पाणी जाते, त्यातून हवा नाही जाईन का?"

"जाईन. पन पैले धुवा त्याले. आपल्या सगळ्याईच्या आंघोळी त्याच्यातून गेल्या."

त्यानं मला धुतलं, पोटात वाळू भरली, आगीवर फिरवलं आणि हलकेच वाकवलं. मित्रांनो, नऊ वर्षांचा ताठा मी पाच मिनिटांत सोडला. मग माझं एक टोक फिल्टरच्या डब्यात गेलं आणि दुसरं समोरच्या जाळीमागे, इंजिनाच्या धगीपासून दूर.

इथवर सगळं छान होतं. पण विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाला फुटवॉल लागतो. ही एक झडप असते. ती पाणी वर जाऊ देते, परत खाली येऊ देत नाही. तीस वर्षांत देवमननं एकही पाइप झडपेशिवाय सोडला नव्हता. त्यानं मलाही झडप बसवली, सोल्युशन लावून कायमची पक्की केली, आणि तिलाच तार गुंडाळून मला जाळीला बांधलं.

शेजारचा बाबूसिंग बॉनेटमध्ये डोकावला. "देवमनभाऊ, गाडी हाय का मोटरपंप?"

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"काई नाई. वावरात नेली तं चार एकर भिजन, म्हनून इचारलं."

सोमवारी देवमन, बेबीताई, धम्मदीपा आणि मी, सगळे निघालो. सपाट रस्त्यावर माझ्या तोंडात झडप टकटक वाजत होती.

"आयकून राह्यली का?" देवमन अभिमानानं म्हणाला. "कशी खेचून राह्यली."

कारंजा बारा किलोमीटर राहिलं आणि चढ लागला. इंजिनानं मोठा श्वास मागितला; झडपेनं अर्धाच दिला. मागून काळा धूर निघाला आणि गाडी थांबली. वीस मिनिटं चावी फिरवून झाली. साडेनऊ झाले. तेवढ्यात मागून कारंजाची एसटी आली.

"हात करू का, बाबा?" धम्मदीपानं विचारलं.

देवमननं पुन्हा एकदा चावी फिरवली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि उचललेला हात खाली घेतला. एसटी निघून गेली. मग तिनं बॉनेट उघडलं.

"बाबा, याच्या तोंडात काय बसवलं?"

"फुटवॉल. सक्शनले लागतेच तो."

"कायले?"

"पाणी वापस जाऊ नये म्हनून."

"कोनतं पाणी?"

देवमन गाडीमागे गेला. डिकीतून पाइप कापायचा हॅकसॉ आणला. त्याच्याकडे स्टेपनी नसते, हॅकसॉ असतो. झडपेसकट माझी चार बोटं गेली. मला फार दुखलं नाही, कारण मी प्लास्टिकचा आहे. पण तारही झडपेबरोबर गेली आणि मी लोंबू लागलो. धम्मदीपानं केसांतलं रबर काढून मला जाळीला बांधलं.

"आता मार चावी, बाबा."

मित्रांनो, तो माझा पहिला पुरा श्वास. गाडी चढ चढली. कारंजाच्या अलीकडे आम्ही थांबे घेत चाललेल्या एसटीला मागे टाकलं, तेव्हा बेबीताई मुद्दाम समोर पाहत होत्या. दहाला तीन मिनिटं कमी असताना दवाखान्यासमोर देवमन खाली उतरला आणि बाहेरून दार उघडून लेकीला साहेबासारखं उतरवलं. दाराची आतली कडी अडकते, पण हे तिथे कुणाला माहीत?

तेव्हापासून मी कामावर आहे. म्हणून सांगतो, छपरावर पडलेल्या वस्तूला निकामी म्हणू नका. तिला धुवा, धगीपासून जपा, आणि तिच्याकडून काय काम घ्यायचंय ते आधी नीट समजून घ्या. मायेनं बसवलेली झडपसुद्धा श्वास अडवते.

आणि कुणाकडे पाइप आवळणारा अडीच इंची क्लॅम्प पडून असेल, तर आसेगावला पाठवून द्या. मला अजून धम्मदीपाच्या केसांच्या रबरानंच बांधलंय, त्यावर गुलाबी ससा आहे, आणि सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली आहे.