तळ्याच्या मधोमध नुसतं ‘टक्’

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. फक्त एका जागी उभी करून ठेवू नका. मी पाण्यावरची स्कूटर आहे. मला चाकं नाहीत, ब्रेकही नाही. माझ्या पोटातला पंखा खालून पाणी ओढतो, मागे जोरात फेकतो आणि मी पुढे पळते. पळत असले तर मी स्कूटर. थांबले की एक जड, रंगवलेला टब. म्हणूनच ज्या दिवसाची गोष्ट मी सांगणार आहे, त्या दिवशी शेडमध्ये ताडपत्रीखाली माझा जीव नुसता खालीवर होत होता. संध्याकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन येणार होता.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. काचेचे बारीक धागे चिकट राळेत भिजवून, साच्यात थरावर थर देऊन माझं अंग घडवलं. मग इंजिन बसलं, पंखा बसला आणि सर्वांत शेवटी एका बाईने माझ्या पोटात तारा अंथरल्या. ती शेजारणीला म्हणाली होती, “लाल तारेने वीज जाते गं, पण काळीने परत आली नाही तर जाऊन उपयोग काय?” तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मला बाहेरच्या पाण्याचा वास येत होता आणि कधी एकदा सुटते असं झालं होतं.

मला एका मोठ्या तळ्यावर आणलं. या तळ्यावर लोक पोहायला येतात, आणि पोहणारे असतील तिथे दमणारेही असतात. त्यांना आणायला जाणं हे माझं काम. माझ्यावर जी बसते ती इथली जीवरक्षक. सगळे तिला ताई म्हणतात. तिचे बाबा या तळ्याचे रखवालदार. धक्का झाडणं, होड्या बांधणं, दोर तपासणं ही कामं त्यांचीच. लहान मुलं मला ‘निळी’ म्हणायची, आणि त्याचं श्रेय बाबांना. दरवर्षी पोहण्याचा हंगाम सुरू होण्याआधी ते मला धुऊन, पुसून, घासून निळ्या रंगाने रंगवायचे. ब्रश हातात असला की ते जेवायचंही विसरायचे.

“बाबा, लग्नाला उभी करताय का तिला?” ताई चिडवायची.

“तुला काय कळतंय! पाण्यातलं यंत्र आहे. उघडं राहिलं की गंज धरलाच म्हणून समज.”

मला ते कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू? लोक धक्क्यावर थांबून माझ्याकडे बघायचे. पण रंग वाळेपर्यंतचा वेळ मला खायला उठायचा. कधी संपणार हे? कधी पाण्यात सोडणार?

आता आमच्या कामाची एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. दमलेल्या माणसाजवळ पोहोचलं की ताई माझं इंजिन बंद करते. नेहमी. माझा पंखा पाण्याबरोबर केस, दोर, कपडे, काहीही आत ओढू शकतो. म्हणून आधी इंजिन बंद, मग माणसाला वर घेणं आणि त्यानंतर पुन्हा सुरू करून धक्क्याकडे परत. म्हणजे माझं खरं काम दुसऱ्यांदा सुरू होण्याचं आहे. जाणं कुणालाही जमतं.

आणि गेल्या हंगामात मला नेमकं तेच जमेनासं झालं.

एका दुपारी वारा सुटलेला असताना एका माणसाच्या पायात गोळा आला. तो बराच आत होता. ताई आणि मी सुसाट निघालो. तिने इंजिन बंद केलं, त्याला काखेत धरून माझ्यावर ओढलं आणि बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्. इंजिन हललंच नाही. वारा आम्हाला सांडव्याकडे ढकलत होता, जिथून तळ्याचं जादा पाणी धबाधबा खाली पडतं. तो माणूस विचारत होता, “चालू होत नाहीये का? होत नाहीये का चालू?” आणि ताई त्याला शांतपणे सांगत होती, “होईल. तुम्ही फक्त घट्ट धरा.” मी आतून जीव तोडून ढकलत होते आणि बाहेर नुसतं टक्.

बाबांनी वल्ह्याची होडी हाणत येऊन आम्हाला गाठलं, दोर टाकला आणि मागे ओढून आणलं. धक्क्याला लागल्यावर ते धापा टाकत होडीतच बसून राहिले. त्या माणसाला काही झालं नाही. पण ताईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी अजून विसरलेले नाही.

मग माझ्यावर दुरुस्त्या सुरू झाल्या. बॅटरी बदलली. बटण बदललं. जो डबीएवढा भाग बटणाच्या छोट्या इशाऱ्यावर बॅटरीची मोठी वीज इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला जोडून देतो, तो रिले बदलला. दरवेळी धक्क्यावर बटण दाबलं की मी चटकन सुरू व्हायचे, सगळे “झालं काम!” म्हणायचे, आणि तळ्यात जाऊन इंजिन बंद केलं की पुन्हा टक्. शेवटी ताई म्हणाली, “बाबा, हिच्या भरवशावर मी कुणाजवळ इंजिन बंद करणार नाही. आणि बंद न करता जाता येत नाही. हिला काढून टाका.”

बाबांनी त्या दिवशी मला ताडपत्री घातली, ती अशी, की जणू थंडी वाजेल मला.

तर त्या दिवशी दुपारी मामा आला. मामा म्हणजे ताईच्या आईचा भाऊ. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. तो माझी इंजिन सुरू करणारी मोटर काढून न्यायला आला होता. मी भंगारात जाणारच होते, तर निदान मोटर कुणाच्या तरी कामी यावी, असं ताईनेच त्याला कळवलं होतं. त्याने ताडपत्री ओढली, सीट उचलून बाजूला ठेवली आणि वाकून वास घेतला.

“मोटर चालते का बघ आधी, लगेच चालू कर की,” बाबा म्हणाले.

“दाजी, पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आत. ती जाऊ द्या, नाहीतर मोटरीऐवजी मलाच घरी न्यावं लागेल.”

थोड्या वेळाने त्याने बटण दाबलं. मी लगेच गुरगुरले. सगळी ताकद लावून गुरगुरले.

“अरे, ही तर पहिल्या फटक्यात सुरू झाली! हिला भंगारात कोण घालतंय?”

“मी घालतेय,” ताई दारातूनच म्हणाली. “धक्क्यावर ती शहाण्यासारखीच वागते, मामा. नाटकं पाण्यात करते.”

“बॅटरी बघितली?”

“बॅटरी, बटण, रिले, सगळं बदललं. आता फक्त मी बदलायची राहिलेय.”

मामा हसला, पण त्याचे हात थांबले. “पाण्यात म्हणजे कधी? जाताना?”

“जाताना कधीच नाही. बंद करून परत सुरू करताना.” बोलता बोलता ताई स्वतःच थबकली. “म्हणजे, तापलेली असताना. आपण इथे तिला कायम थंडच तपासली.”

“मग तापवू या की!”

बाबा कधी नळी घेऊन आले ते कुणाला कळलंच नाही. इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथून आत जातं, त्या तोंडाला त्यांनी बागेची नळी जोडली. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. हा क्रम चुकला तर पाणी इंजिनात शिरतं. मी उभ्या उभ्या तापत राहिले. बाहेर रस्त्यावर कुठलंही वाहन वाजलं की मला वाटायचं, टेम्पो आला. ताईही दर वेळी दाराकडे बघत होती.

“बंद कर,” मामा म्हणाला. पाणी थांबलं, इंजिन थांबलं. “आता दाब.”

टक्.

आयुष्यात पहिल्यांदा त्या टक् चा कुणाला तरी आनंद झाला.

“सापडली चोरी!” मामाने वीज मोजायचं मीटर काढलं. आधी ते बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावलं. बटण दाबलं तरी आकडा फारसा खाली आला नाही. “बॅटरीत दम आहे. मग तो जातो कुठे?” त्याने मीटरची एक सळई बॅटरीच्या काळ्या टोकावर ठेवली, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली. “ही दोन टोकं एकाच तारेने जोडलेली आहेत. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दाब.”

टक्. मीटरवर दहा व्होल्ट.

“बाप रे!” ताई खाली बसली. “बॅटरीची जवळजवळ सगळी ताकद या परतीच्या वाटेतच खर्च होतेय. मोटरीला काही उरतच नाही.”

“पण टक् तर होतं,” बाबा म्हणाले.

“टक् रिलेचं आहे, बाबा. त्याला चिमूटभर वीज पुरते. मोटरीला ढीगभर लागते.”

ताईने मामाच्या हातातली सळई घेतली आणि काळ्या तारेवरून पुढे सरकवत नेली. तार ठीक होती. तारेच्या टोकाची कडी ठीक होती. पण कडीकडून इंजिनाकडे जाताना, जिथे मध्ये एका बोल्टशिवाय काहीच नव्हतं, तिथे दहा व्होल्ट हरवत होते. मामाने बॅटरी सोडवली, बोल्ट काढला आणि कडी उलटी केली. खाली गुळगुळीत, सुंदर, निळा रंग होता.

माझ्या सगळं लक्षात आलं. गेल्या हंगामाआधी बाबांनी मन लावून माझं इंजिनसुद्धा रंगवलं होतं. नीट रंगवता यावं म्हणून बोल्ट काढले, दोन हात रंग दिला आणि वर पुन्हा घट्ट बसवले. रंगातून वीज जात नाही. ती बोल्टच्या आट्यांतून कशीबशी परतत होती. पुढे दमट हवेने आटेही गंजले. तापल्यावर धातू फुगतात, पण सगळे सारखे फुगत नाहीत. त्या ताणात उरलीसुरली वाटही तुटायची आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळायची.

“मी तर,” बाबा म्हणाले, “गंज धरू नये म्हणून दिला गं रंग.” ते सांडव्याच्या दिशेने बघत होते. “तू तिथे वाहत चालली होतीस, आणि ते माझ्या रंगामुळे.”

ताईने शेल्फवरून पॉलिश पेपर घेतला. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. तिने तो बाबांच्या हातात ठेवला.

“घासा. तुमच्याइतकं नीट इथे कुणाला जमतंय?”

बाबा घासू लागले. रंग गेला, मग करडा थर गेला, मग खालून कोरा धातू चकाकला. त्यांनी कडीही घासली, नवा बोल्ट आवळला आणि वरून ग्रीसचं बोट फिरवलं. मामाने बॅटरी पुन्हा जोडली, सीट बसवली. इतक्यात बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला.

“थांबायला सांग त्यांना!” ताई मामावर ओरडली. “बाबा, जॅकेट घाला.”

“मी? मी कशाला?”

“मागे बसायला. तळ्याच्या मधोमध बंद करणार आहे. नाही सुरू झाली तर दोघं मिळून पोहत येऊ.”

“अगं, या वयात...”

“बसा हो, दाजी!” मामा म्हणाला. “या वेळी वल्ही घेऊन मी येतो.”

मला पाण्यात उतरवलं आणि आम्ही निघालो. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाखाली पाणी होतं! मी उड्या मारत गेले. मधोमध पोहोचल्यावर ताईने इंजिन बंद केलं. लाटा माझ्या अंगावर चापट्या मारत होत्या. वारा तोच होता, सांडव्याकडे ढकलणारा. आम्ही हळूहळू तिकडे सरकत होतो. बाबांनी मागून सीटचा पट्टा मुठीत धरला होता.

“बाबा, बटण तुम्ही दाबा.”

त्यांचा हात तिच्या खांद्यावरून पुढे आला. बोटाच्या पेरात अजून निळा रंग होता. क्षणभर ते बोट बटणावर नुसतंच टेकून राहिलं. मग त्यांनी दाबलं.

मी गरजले. ताईने लगेच इंजिन बंद केलं आणि म्हणाली, “पुन्हा.” मी पुन्हा गरजले. “पुन्हा.” तिसऱ्या वेळी बाबा हसत होते, आणि धक्क्यावर भंगारवाला टेम्पोला टेकून आमची ही गंमत बघत उभा होता. तो रिकामा परत गेला.

बाबा अजूनही मला रंगवतात. आधी त्या बोल्टवर चिकटपट्टी लावतात, मग ब्रश उचलतात.

तिकडे ताईची शिट्टी वाजतेय, कुणीतरी हात वर केला आहे. मला निघायला हवं. मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र अडलं तर त्याला लगेच टाकून देऊ नका आणि घाईघाईने त्याचे भागही बदलत सुटू नका. ते कधी अडतं, कधी चालतं, हे आधी नीट बघा. आणि त्याला रंग द्या, हौसेने द्या. फक्त जिथून परत यायचं असतं, तेवढी जागा कोरी ठेवा.