इमारतीखालचा वारा

“इमारतीखाली चहूबाजूंनी या फळ्या कुणी ठोकल्या?” आकुलिनाने विचारलं.

“हळू बोला, बाई. गावाला ऐंशी वर्षं होतायत, पाहुणे येणार. इमारतीखालची ती काळी पोकळी, गंजके पाइप... बरं दिसतं का?” घरदुरुस्ती कचेरीचे साहेब, गावरील, हातमोजे चोळत म्हणाले.

थंडी उणे त्रेचाळीस अंश होती. आकुलिना दोन महिन्यांच्या दौऱ्यावरून त्याच सकाळी परतली होती. सत्तावीस वर्षं ती गावोगावच्या इमारतींखाली जमिनीत तापमापक सोडत होती. इमारती खांबांवर, खांब बारमाही गोठलेल्या मातीत. हिवाळाभर खालून वारा खेळला, तरच ती माती उन्हाळ्यात तग धरते.

“सहा मीटर खाली पूर्वी उणे चार असायचं. आज उणे एक आहे. शून्याला टेकलं की खांब सुटले. चाळीस बिऱ्हाडं आहेत वर!”

“वसंतात काढू.”

“वसंतात? तोवर थंडी संपेल! गावच्या पहिल्या बराकी अशाच, खाली वाऱ्याला वाट न ठेवता, जमिनीला टेकवून बांधल्या होत्या. दोन उन्हाळ्यांत खिडक्यांपर्यंत खचल्या. खचतील म्हणून माझ्या आजोबांनी आधीच लिहून दिलं होतं, तेव्हाही तुमच्यासारखाच कुणीतरी वसंत म्हणाला.”

“लेखी अर्ज द्या,” म्हणून साहेब गाडीत बसले.

आकुलिनाने घरून पहार आणली. पहिली फळी उखडली तशी तळमजल्याची मात्र्योना आजी दारात आली.

“हात लावू नकोस! अठरा वर्षांत पहिल्यांदा पाय गरम झालेत माझे.”

“पाय गरम करायला इमारतीखालची जमीन वितळवायची?”

“तुझं काय जातंय? तू तिसऱ्या मजल्यावर!”

आकुलिना आणखीच चिडली. शिकलेले लोक, शिक्का मारणारे लोक, सगळे शेजारून चालत गेले, एकानेही वाकून पाहिलं नाही. आणि थंडी सोसायची कुणी, तर या म्हातारीने. तिने पहार इतक्या जोरात मारली की फळी मधोमध तुटली.

अकरा फळ्या निघाल्या तेव्हा बोटं वळेनाशी झाली. बाराव्या फळीचा खिळा हलेना. मागे बर्फ करकरला. मात्र्योना लोकरी बूट घालून उभी होती. तिने फळीचं दुसरं टोक धरलं.

“ओढ. घरच खचलं तर गरम पाय ठेवू कुठे? पण आज रात्री मी झोपायला तुझ्याकडे येणार. आणि पलंग मला.”

“घे.”

फळी सुटली. वारा दोघींच्या घोट्यांना लागून आत शिरला. मात्र्योनाने एकदा आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि पुढच्या फळीपाशी गेली.