नाव न घेता

रिबकाबाईचं एक वाक्य आठ वर्षं ठरलेलं होतं. कुणी चुकून मैनाबाईचा विषय काढला, की ती पदर सावरायची आणि म्हणायची, "मी नाव घेतलं नोतं, बाप्पा." एवढं म्हटलं की तिच्यापुरता मामला मिटायचा. अमरावतीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पुढं विचारायची कुणाची छाती होती? बाई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. नवरा वारला त्या आठवड्यातही रविवारची उपासना चुकवली नाही. गीत उचलावं तर तिनंच, आणि प्रार्थना करायला लागली की ऐकणाऱ्या बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. अशा बाईची चूक काढायची म्हणजे आपलीच झडती द्यायची.

आता खरं सांगायचं तर नाव तिनं घेतलं नव्हतंच. सगळी गोम तिथंच होती.

मैनाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण, गल्लीतच राहणारी. उन्हाळा लागला की दोघी एका ओट्यावर बसून सरगुंडे करायच्या. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, अलगद ओढून काढायची, उन्हात वाळवायची आणि आमरसाबरोबर वर्षभराची हौस भागवून घ्यायची. हात कामात असले की तोंड मोकळं असतं. त्या ओट्यावर दोघींनी सासू, नवरे, पोरं, गुडघे, सगळं बोलून घेतलं होतं.

त्या वर्षी मैनाबाईच्या आकांक्षाचं लग्न तिवस्याच्या एका घरी ठरलं. सरगुंडे करता करता मैनाबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"रिबका, तुले एकीलेच सांगतो. आमच्या आकांक्षाले फिट येतात. लहानपणापासून. गोळी चालू हाय, चार वर्षं झाले एकबी आली नाई. येत्या रविवारी मी आन ती तिवस्याले जातो, डॉक्टरचा कागद दाखवतो, आमच्याच तोंडानं सांगतो. मंग त्यायची मर्जी. तवर कोनाले सांगू नोको. तू फक्त प्रार्थना कर."

तिनं कणकेचा हात पुढं केला, आणि रिबकाबाईनं आपला कणकेचा हात त्यात दिला. वचन झालं.

बुधवारी बायांची प्रार्थना सभा होती. गीत झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि नेहमीप्रमाणे विचारणा झाली, बहिणींनो, कुणाचे प्रार्थनेचे विषय असतील तर सांगा. रिबकाबाईनं डोळे मिटले. "नाव घेत नाही," ती सभेतल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "पण आपल्यातल्या एका बहिणीच्या मुलीला फिट येतात, आणि तिचं लग्न ठरलंय. तिच्यासाठी कळकळीनं मागू या."

त्या वर्षी मंडळीत लग्न ठरलेली मुलगी एकच होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

रिबकाबाईच्या मनात पाप नव्हतं म्हणावं, तर तेही धड म्हणता येत नाही. बाया चुकचुकल्या, माना हलल्या, आणि जे कुणालाच ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, याचं तिला त्या घडीला बरं वाटलं होतं. हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. चांगली आठ वर्षं केलं नाही.

शनिवारी तिवस्याहून फोन आला. लपवाछपवी करणाऱ्या घरची मुलगी आम्हाला नको. मैनाबाईला कागद दाखवायची वेळच आली नाही. ती संध्याकाळी रिबकाबाईच्या दारात येऊन उभी राहिली. भांडली नाही, आत आली नाही.

"मी एकीलेच सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

"मी नाव घेतलं नोतं," रिबकाबाई म्हणाली.

मैनाबाई आल्या पावली निघून गेली. दोन महिन्यांत मायलेकी घर सोडून अकोल्याला राहायला गेल्या, जठारपेठेत. त्या गेल्या, आणि रिबकाबाई सभेतल्या त्याच सतरंजीवर त्याच जागी बसून पुढं आठ वर्षं प्रार्थना करत राहिली.

यंदाच्या चैत्रात तिच्यावर पाळी आली.

तिचा एकुलता एक पियुष पुण्यात नोकरीला होता. आता नोकरी गेली होती आणि दारू आली होती. सून कंटाळून माहेरी निघून गेली. आईच्या एकट्या जिवाला हे किती दिवस सोसवणार? तिनं मंडळीतल्या रुख्मिणीबाईला सांगितलं. एकीलाच. कोनाले सांगू नोको म्हणून सांगितलं.

बुधवारी रुख्मिणीबाईनं डोळे मिटले. "नाव घेत नाही," ती म्हणाली, "पण आपल्यातल्या एका विधवा बहिणीचा मुलगा पुण्यात व्यसनाच्या आहारी गेला आहे. सून सोडून गेली आहे. त्या आईसाठी आपण मागू या."

पुण्यात मुलगा असलेली विधवा त्या खोलीत एकच होती. बारा बायांनी डोळे मिटले. एकीनंही तिच्याकडं पाहिलं नाही, आणि ते न पाहणंच तिला जास्त लागलं. तिच्या पोरासाठी बाया रडून रडून मागत होत्या. सगळं खरं होतं, सगळं मायेनं होतं, आणि तिला वाटत होतं की उठावं आणि ही सतरंजी सगळ्यांखालून ओढून घ्यावी. मग चहा आला. कुणीतरी तिच्या बशीत एक बिस्कीट जास्तीचं ठेवलं. रिबकाबाई ते बिस्कीट बघत बसली. तिला रुख्मिणीबाईचा राग आला नाही. राग करायला तोंड कुठं होतं? तिला दारात उभी राहिलेली मैनाबाई दिसत होती.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट रांगेतून हातोहात येत तिच्यापर्यंत पोचलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं तुकडा न उचलता ते पुढं दिलं. उपासना सुटल्यावर शेषराव पाळकांनी तिला बाजूला घेतलं. तिनं सगळं सांगितलं. पाळक भला माणूस. म्हणाले, "रिबकाबाई, पश्चात्ताप झाला तुमाले. देवानं तर माफ केलं ना."

"मी देवाचं लग्न मोडलं नोतं, पाळकसाहेब," ती म्हणाली. "मले आधी अकोल्याले जावंच लागते."

गुरुवारी सकाळच्या एसटीनं ती निघाली. पिशवीत सरगुंड्याचं पुडकं, तिनं एकटीनं केलेलं. बडनेरा मागं पडलं तसं खिडकीतून गरम वारं तोंडावर यायला लागलं. ती मात्र आपल्याच तंद्रीत होती, मनातल्या मनात बोलणं जुळवत होती. प्रार्थनेची सवय असलेल्या बाईला शब्दांची काय वाण? कुठं थांबायचं, कुठं वचनाचा आधार द्यायचा, कुठं पाय धरायचे, सगळं तिनं ठरवलं. मूर्तिजापूर येईपर्यंत ते भाषण तोंडपाठ झालं, आणि मग तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. माफी मागायला निघालेली बाई तिथंही गीत उचलायच्याच तयारीत होती.

जठारपेठेत एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्या. दार आकांक्षानंच उघडलं. तेहतिशीची झाली होती, चष्मा लागला होता. औषधांच्या दुकानात काम करते, हे खाली पत्ता विचारताना कळलं होतं. लहानपणी ही पोरगी मावशी मावशी करत रिबकाबाईच्या ओट्यावर पडलेली असायची. आता तिनं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या," ती म्हणाली. मावशी म्हणाली नाही. "आईले भेटाले आल्या अशीन. ओळखते ती तुमाले. तुमालेच ओळखते."

या बोलण्याचा अर्थ आत गेल्यावर लागला. मैनाबाई खाटेवर बसली होती. हाडं तेवढी राहिली होती, केस कुणीतरी नीट विंचरून दिलेले. रिबकाबाईला पाहिलं आणि तिचं तोंड उजळलं.

"आली का वं? किती उशीर केला. कनीक भिजवून ठेवली मी कवाची."

रिबकाबाईनं पुडकं पुढं ठेवलं, खाली बसली, खाटेची कड धरली आणि बोलायला लागली. "मैना, मी तुह्या पाया पडाले आली. मी तुहा..."

मैनाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. दाराकडं पाहिलं. मग रिबकाबाईची मान धरून कान आपल्या तोंडाजवळ ओढला.

"आधी माहं आयक. पोट्टी आयकीन. रिबका, तुले एकीलेच सांगतो. आमच्या आकांक्षाले फिट येतात."

रिबकाबाईच्या हातून खाटेची कड सुटली.

"गोळी चालू हाय. येत्या रविवारी आमी तिवस्याले जातो. आमच्याच तोंडानं सांगतो. तवर कोनाले सांगू नोको. तू फक्त प्रार्थना कर." आणि तिनं हात पुढं केला.

दारात आकांक्षा पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रिबकाबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि ते मूर्तिजापूरपर्यंत पाठ केलेलं भाषण कुठं गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं मैनाबाईच्या हातात हात दिला.

"नाई सांगत," ती म्हणाली.

मैनाबाई समाधानानं आडवी झाली. पुडक्यातला एक सरगुंडा मुठीत धरून तिचा डोळा लागला.

बाहेरच्या खोलीत आकांक्षा म्हणाली, "दोन वर्षं झाले असंच हाय. माह्यं नाव विसरते, सोताच्या भावाले ओळखत नाई. पन सकाळी उठली की विचारते, रिबका आली का. हे फिटचं कोनाले सांगत नाई. शेजारनीले नाई, डॉक्टरले बी नाई. फक्त तुमाले सांगाचं म्हनते."

रिबकाबाई रडली. रडतच तिनं माफी मागितली, तुटक, ओबडधोबड, एकही वचन न घालता. आकांक्षानं सगळं ऐकून घेतलं.

"लग्नाचं मले काई नाई," ती म्हणाली. "ते घर तसंबी कच्चंच निघालं असतं. पन मी डोळे मिटले ना, की मले दिसते, तुमी सगळ्या बाया सतरंजीवर बसून माह्यासाठी मागून राह्यल्या. आठ वर्षं झाले, माह्यानं प्रार्थना होत नाई. पह्यले होत होती. ते वापस देता येते का तुमाले?"

रिबकाबाईनं मान खाली घातली.

"माफ केलं म्हनू का? म्हनतो. पन खोटं होईन." आकांक्षानं चष्मा पुसला. "आन एक काम करा. तिथं जाऊन आईचं हे सांगू नोका. सभेतल्या साक्षीत नाई, प्रार्थनेत नाई. नाव न घेता बी नाई."

पुढच्या बुधवारी सतरंजीवर बाया वाटच पाहत होत्या. पाळकसाहेबांनी चकार शब्द काढला नव्हता, पण रिबकाबाईला एसटी स्टँडवर कुणीतरी पाहिलं होतं.

"अकोल्याले गेली होती म्हने," रुख्मिणीबाई म्हणाली. "मैनाबाई कशी हाय? काई विषय असन तर सांग, सगळ्याजनी मागू."

देवाशपथ सांगतो, अशी साक्ष त्या मंडळीनं आजवर ऐकली नसेल. बारा जणी ढसाढसा रडल्या असत्या, आणि आठ वर्षांचं ओझं पाच मिनिटांत उतरलं असतं. शब्द रिबकाबाईच्या ओठापर्यंत आले. तिनं ते गिळले. आयुष्यात पहिल्यांदा गिळले, आणि ते किती कडू असतात ते तिला समजलं.

"भेट झाली," ती म्हणाली. "विषय काई नाई."

निघताना चपलांपाशी तिच्या कानावर आलं, "आठ वर्षं झाले, पन बाईचा ताठा गेला नाई. भांडूनच आली अशीन." रिबकाबाई वाकून चप्पल शोधत राहिली. चप्पल समोरच होती.

तेव्हापासून ती दर महिन्याला अकोल्याला जाते. प्रभुभोजनाचं ताट अजून तिच्यापुढून तसंच पुढं जातं. पाळक काही म्हणत नाहीत, बाया पुष्कळ म्हणतात. दर वेळी आकांक्षा दार उघडते आणि 'या' म्हणते. दर वेळी मैनाबाई कान ओढून तेच सांगते, हात पुढं करते, आणि रिबकाबाई वचन देते. चार वेळा दिलं. चारही वेळा पाळलं.

पाचव्या वेळी मैनाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मैना, मी वं, रिबका."

मैनाबाई भिंतीच्या पोपड्यांवरून बोट फिरवत राहिली. रिबकाबाई खाली बसली. खाटेवर हात ठेवला, तळवा वर करून, आणि वाट पाहिली. खालच्या दुकानात कुणी कापडाचा तागा उलगडत होतं, भावावरून घासाघीस चालली होती. बराच वेळ गेला. हात तसाच होता. कुणी धरला नाही.

"परवापासून विचारनं बंद झालं," मागून आकांक्षा म्हणाली. ती येऊन शेजारी बसली. तिनं त्या उघड्या हाताकडं पाहिलं आणि त्यात पाण्याचा पेला ठेवला.

"आता आईचं ते सांगनं तुमच्यापाशीच राह्यलं, मावशी," ती म्हणाली. "पानी प्या."